टायरची हरारत

वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शास्त्र शिकले आणि संस्थान विलीन झाल्यावर तेच शास्त्र जळकोटच्या शाळेत मराठीतून शिकवू लागले. पुस्तकात 'उष्णता' छापलेले असायचे, पण त्यांच्या तोंडून 'हरारत'च यायचे. आमच्याकडे अंगात ताप असला तरी हरारतच म्हणतात. एकाच शब्दात दोन्ही भागवायचे आणि दोन्हींवर उतारा एकच समजायचा, आतली बाहेर सोडायची, ही आमची जुनी खोड.

मी मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो, त्या उन्हाळ्यात आईच्या पोटात कळा सुरू झाल्या. गावातल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले आणि आतड्याचे दुखणे आहे, आजच्या आज सोलापूरला न्या, उशीर झाला तर हाती लागणार नाही, असे स्पष्ट सांगितले. सकाळची बस निघून गेली होती. वडिलांनी सडकेवर उभे राहून हैदराबादकडून येणारा एक ट्रक थांबवला. शेंगांची पोती टपाच्याही वर गेलेली, आणि जादा टायर उमरग्याजवळच कामी आलेला. आईला ड्रायव्हरशेजारच्या बाकावर निजवले, वडील तिच्या पायाशी बसले, मी पोत्यांवर चढलो.

नळदुर्गच्या पुढे ड्रायव्हर टायर बघायला उतरला आणि त्याने चटकन हात मागे घेतला. वडीलही उतरले. आईच्या कपाळाला लावावा तसा उलटा हात त्यांनी टायरला लावला आणि हरारत आहे म्हणाले. हवा तापली की फुगते, हे त्यांनी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले होते. फुगली की टायर फोडणार, तेव्हा थोडी सोडून द्यावी. ड्रायव्हरचेही तेच मत होते, आणि त्याचेच काय, त्या सडकेवरचे सगळेच उन्हाळ्यात हवा सोडायचे. त्याने व्हॉल्व्हमध्ये खिळा दाबून हवा सोडली. पुढच्या थांब्याला टायर आणखी तापला होता. म्हणून आणखी सोडली.

इटकळच्या पुढे मागच्या जोडीचे दोन्ही टायर पाठोपाठ फुटले. सावलीला एक झाड नव्हते. ट्रकच्याच सावलीत आईला खाली घेतले. दोन मोटारी न थांबता गेल्या, त्या मोटारवाल्यांना मी आजही शिव्या देतो. संध्याकाळच्या बसने सोलापूर गाठले तेव्हा डॉक्टर एवढेच म्हणाले, की दुपारी आणली असती तर काही करता आले असते. आई पहाटे गेली.

तेरावा झाल्यावर वडील मला म्हणाले, "आपण कमी सोडली रे. भिऊन भिऊन सोडली. आणखी सोडाय पायजे होती."

पुढच्या उन्हाळ्यापासून ते शाळा सुटली की सडकेवरच्या लिंबाखाली बसू लागले. शेजारी पाण्याचा माठ, खिशात खिळा. येणारा प्रत्येक ट्रक थांबवायचे, ड्रायव्हरला पाणी पाजायचे, टायरला उलटा हात लावायचे आणि हवा सोडायचे. ट्रकवाले त्यांना ओळखू लागले. मास्तरांनी बायकोच्या मागे पुण्याचे काम धरले, असे गाव म्हणायचे. मलाही तसेच वाटायचे, अभिमानही वाटायचा.

मी सोलापुरात जुन्या टायरांवर नवे रबर चढवायच्या कारखान्यात लागलो. फुटलेले टायर ढिगाने यायचे. बाहेरून धड आणि कापून बघावे तर कडेचे पदर आतल्या आत करपलेले. तार हातात घेऊन मागेपुढे वाकवत राहिले की ती वाकवल्या जागी चटका देते, हे लहानपणी सगळ्यांनी केलेले असते. टायरचेही तसेच. प्रत्येक फेऱ्याला तो ओझ्याखाली दबतो आणि पुन्हा उठतो, पण दबताना घेतलेला जोर रबर सगळा परत देत नाही. उरलेला आत उष्णता होऊन राहतो, आणि रबरातून ती लवकर बाहेर पडत नाही. हवा कमी तेवढा टायर जास्त दबतो आणि जास्त तापतो. मी कारखान्याच्या गाडीवर करून पाहिले. पुरी हवा असताना टायर नुसता कोमट होता, हवा कमी केल्यावर हात ठेववेना. मी तिथेच चाकापाशी बसून रडलो.

गावी गेलो तो थेट लिंबाखाली. मला राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हते. मी एका दमात सगळे सांगितले. वडील आधी चिडले. हवा तापली की फुगते हे खोटे आहे का, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, खोटे नाही, पण तिला तापवतो टायरच, आणि तो तापतो दबल्याने. मी त्यांच्या माठाच्या झाकणाची तार काढून त्यांच्या हातात दिली. ते ती बराच वेळ मागेपुढे वाकवत राहिले. मग त्यांनी वाकवलेल्या जागी बोट लावले.

आईबद्दल विचारतील म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो होतो. त्यांनी तिचे नावही काढले नाही.

"म्या आजवर किती जणांची सोडली असंल रे?" ते म्हणाले.

तेवढ्यात हैदराबादकडून एक ट्रक येऊन थांबला, आणि ड्रायव्हरने खिडकीतूनच हाक मारली, "मास्तर, काल जाताना तुमी सोडली तरी आज टायर जास्तच तापायलाय. अजून जरा सोडता का?"