उंबऱ्याबाहेरचे बूट

कुणाच्याही दाराशी आल्या की नर्सबाई बूट काढायच्या, एकमेकांवर आपटून माती झाडायच्या आणि तोंडं रस्त्याकडं करून ठेवायच्या. "निघताना घोळ नको," म्हणायच्या. फितीचे, कातडी, गडीमाणसं घालतात तसे बूट. तेव्हा पारावरच्या म्हाताऱ्यांसमोरून जाताना आम्ही बाया चपला हातात घ्यायचो. बाई मात्र टकटक करत त्यांच्या नाकासमोरून जायच्या, वर "काय दादा, बरं आहे ना?" असं विचारायच्या. म्हाताऱ्यांना उत्तर सुचायच्या आत त्या बोळात वळलेल्या असत.

निजामावर पोलिस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. बाई पुण्याकडच्या, नेमणूक गंगाखेडच्या दवाखान्यात. आठवड्याला दहा-बारा गावं पायी करायच्या. आमच्या काळ्या रानातला चिखल ज्यांनी तुडवलाय त्यांना सांगायला नको, चपलांचं तिथं काम नाही.

ते बूट दारात दिसले की गावाला कळायचं, आत बाळंतपण आहे. गडीमाणसं त्या बोळात फिरकत नसत, शेजारणी पाणी तापवायला घेत. एकदा बाई आमच्याकडं नुसत्या चहाला थांबल्या, तर तीन शेजारणी गरम पाणी घेऊन हजर! मी पोटुशी नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यांचा माझ्यापेक्षा बुटांवर विश्वास.

सगळे हसले. मीही हसले, मग परसात जाऊन रडले. लग्नाला सात वर्षं झाली होती, कूस उजवली नव्हती, आणि सासूबाईंनी लेकासाठी दुसरी बघायला घेतली होती. बाई मागोमाग आल्या. रडू नको वगैरे काही म्हणाल्या नाहीत. माझे हात उलटेसुलटे करून बघितले आणि उद्यापासून पिशवी घेऊन माझ्याबरोबर चल म्हणाल्या.

वर्षभर फिरले. दवाखान्यात त्या मला आत घ्यायच्या, सगळं माझ्या हातून करून घ्यायच्या. गावात मात्र मी उंबऱ्याबाहेर. मूल नसलेल्या बाईचा हात बाळंतिणीला लागू द्यायचा नाही, अशी रीत. मेली ती रीत, मला तेव्हाही तिचा संताप यायचा.

मग एका पावसाळ्यात बाई आमच्याच घरी तापानं पडल्या. सकाळी शेजारच्या गावाहून बोलावणं आलं, पहिलटकरीण अडली होती. बाईंना उठून बसवेना.

"माझे बूट घालून तू जा," त्या म्हणाल्या.

"बाई, मोठे होतेत मला."

"चिंध्या कोंब. दारात ठेव आणि सरळ आत जा. काम झाल्यावर कुणी विचारलं तर खरं सांग."

सासूबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. आता काहीतरी बोलणार म्हणून मी अंग चोरलं. त्यांनी जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणून माझ्यापुढं टाकल्या.

बूट दारात ठेवले आणि मला कुणी अडवलं नाही. आत गेले. त्या पोरीनं माझं मनगट धरलं आणि मग मला भ्यायला वेळच उरला नाही. दुपारी मुलगा झाला. दोघंही सुखरूप.

त्या घरची म्हातारी सगळा वेळ कोपऱ्यात बसून माझ्याकडं बघत होती. मी हात धुवत असताना तिनं विचारलं, "लेकरं किती हायेत तुला?"

"एकबी न्हाई," मी म्हणाले. खोटं बोलावंसं फार वाटलं होतं.

म्हातारी उठली, तिनं माझ्या हातांवर पाणी ओतलं. मग म्हणाली, "हात लय हलका हाय तुजा. पुढच्या खेपंलाबी तूच ये."

घरी येऊन बाईंना हे सांगताना मला रडू आवरेना. त्यांनी एवढंच विचारलं, "नाळ नीट बांधलीस ना?" बोलावणी मग माझ्या नावानं यायला लागली, आणि दुसरी बघायची गोष्ट घरात कुणी काढली नाही.

दोन वर्षांनी बाईंच्या बदलीचा हुकूम आला. त्यांना मोटारीवर पोचवायला मी जाणार होते, धपाटे बांधून ठेवले होते. नेमकं त्याच सकाळी कुंभाराकडून बोलावणं आलं. धपाटे घेऊन सासूबाई गेल्या. बाईंनी विचारलं, ती कुठं आहे?

"कामावर गेलीया," सासूबाई म्हणाल्या.

बाई हसल्या म्हणे, पदरानं डोळे पुसले, आणि माझी वाट न बघता मोटारीत चढल्या.