शाकाहारी इमारतीतला बकऱ्याचा पाय

वासुदेव कित्तूरकर अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. त्यांनी आजवर अंडंही खाल्लेलं नाही, तरी आठवड्यातून एकदा सकाळी ते बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या मटणबाजारात उभे असतात. त्यांना बकऱ्याचा पाय हवा असतो, गुडघ्यासकट, आणि बकरा म्हातारा हवा असतो. ते घासाघीस करत नाहीत. साहेबांकडे मोठा कुत्रा असणार, असं खाटकाने ठरवून टाकलं आहे. तो कुत्र्याची तब्येत विचारतो. सुधारतेय, असं वासुदेवराव सांगतात.

पाय जातो एचएसआर लेआउटमधल्या अकरा माणसांच्या एका कंपनीत. निपाणीहून आलेले वासुदेवराव एका कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झाले आणि इथली वरकड कामं बघू लागले: वीजबिल, पाण्याचा टँकर, घरमालक. कंपनी एक्स-रे टिपणारा नवा डिटेक्टर बनवते. साध्या एक्स-रेत हाडातलं कॅल्शियम आणि शिरेत टोचलेलं आयोडीनचं औषध सारखंच पांढरं दिसतं. हा डिटेक्टर किरणांच्या एकेका कणाची ऊर्जा मोजतो आणि दोन्ही पदार्थ वेगळ्या रंगांत दाखवतो.

आधी प्लास्टिकच्या हाडांवर भागलं. मग एका रुग्णालयाच्या डॉक्टरांनी कळवलं, खऱ्या, वय झालेल्या गुडघ्याच्या हाडावर दाखवणार असाल तर येतो.

अडचण वरच्या मजल्यावर राहत होती. घरमालक जयतीर्थाचार निवृत्त सबरजिस्ट्रार. इमारतीत मांस शिजवल्यास वा खाल्ल्यास पंधरा दिवसांत जागा खाली, हे कलम त्यांनी स्वतः लिहिलेलं. भाडेकरार महिनाभरात संपत होता. जागा गेली तर मशीनभोवतीच्या शिशाच्या भिंती पुन्हा उभारायच्या, परवाना नव्याने काढायचा. डॉक्टर तोवर थांबणार नव्हते. म्हणून पाय यायचा तो कोथिंबिरीच्या जुडीखाली.

एका गुरुवारी जयतीर्थाचार मठातला प्रसाद घेऊन खाली आले. पडद्यावर निळं हाड आणि नारिंगी शिरा होत्या. कंपनीची प्रमुख सिद्धी, पुण्याची, उत्साहाने समजावू लागली. पाय कुणाचा, त्यांनी विचारलं. सॅम्पल आहे, ती म्हणाली. कुणाचं सॅम्पल? तिने वासुदेवरावांकडे पाहिलं. त्यांच्या ओंजळीत नुकताच प्रसाद पडला होता.

"बकऱ्याचा, आचार्रे," ते कानडी अदबीने म्हणाले.

जयतीर्थाचारांनी वर जाऊन करार आणला आणि उभ्यानेच कलम वाचलं. शिजवता? नाही. खाता? औषध टोचलेलं मांस खाल्लं तर आम्हालाच दवाखान्यात न्यावं लागेल, वासुदेवराव म्हणाले. मग कलम मोडलेलं नाही, असा निकाल लागला. फक्त एकादशी आणि गुरुवारी असा माल आत नको. आजचा अपवाद.

सगळे सैल झाले, तेवढ्यात त्यांनी धोतर जरा वर घेऊन स्वतःचा सुजलेला गुडघा पुढे केला. एक डॉक्टर युरिक आम्लाचे खडे म्हणतो, दुसरा कॅल्शियम. मशीनला विचारा. सिद्धीने सांगितलं, मशीन ओळखेल बहुतेक, पण माणसावर वापरायला अजून परवानगी नाही.

"बकऱ्याला चालतं," जयतीर्थाचार म्हणाले, "आणि इमारतीच्या मालकाला नाही?"

करार घेऊन ते वर गेले. पुढचे पंधरा दिवस वासुदेवराव नव्या करारावरच्या सह्यांसाठी जिने चढले. दर वेळी गुडघ्याची चौकशी करून, कॉफी पिऊन खाली आले. शेवटी तीन वर्षांचा करार मिळाला. त्यात एक कलम वाढलं होतं: परवानगी मिळताच पहिला गुडघा मालकाचा.

असलं काही करारात बसत नाही, सिद्धी म्हणाली.

"मॅडम, ज्यांनी बसवलंय त्यांची उभी हयात यातच गेली," वासुदेवरावांनी पेन पुढे केलं. "करा सही."