बंद घराचं पाणी

लालबागची जुनी चाळ पाडून तिथे जो टॉवर उभा राहिला, त्याच्या तळघरात शैला काम करते. वरच्या घरांचं सांडपाणी तिथल्या टाक्यांत उतरतं, टाकीतले सूक्ष्म जीव त्यातली घाण खातात आणि निवळलेलं पाणी पुन्हा फ्लशला जातं. रहिवाशांना हे ठाऊक असतं, पण आठवायला आवडत नाही. लिफ्टमध्ये शैला दिसली की काहीजण नाकाला रुमाल लावतात. अहो, माल तुमचाच की!

गणपतीत सगळी बिल्डिंग कोकणात जाते. शैलाकडे गणपती नसतो, म्हणून मागे राहतात ती आणि वॉचमन लवू. माणसं गेली की टाकी उपाशी पडते आणि आतले जीव मेले तर सगळंच नासतं. तेव्हा शैला गूळ आणि शेण पाण्यात कालवून टाकीत ओतते. "जेवा रे बाबांनो," म्हणते. टाकी बुडबुडते. एकटीने ते ऐकत उभं राहणं काही गमतीचं नाही, पण माणूस कशालाही सरावतो.

यंदा बिल्डिंग रिकामी झाली आणि दुसऱ्याच सकाळी एका पाइपातून पाणी आलं. थोडंसंच, थांबून थांबून, कुणी चोरून वापरावं तसं. जाळीत भाताची शितं अडकली होती आणि पांढऱ्या केसांचा एक गुंता.

त्या पाइपावरच्या सगळ्या घरांना कुलपं होती. लवू मजलेन् मजले चढून आला तो पांढराफटक होऊन. "सगळी कुलपां बघून इलंय, ताई. आत माणूस नाय. ह्यां दुसरांच कायतरी आसा." त्याने तळघराच्या दाराला लिंबू-मिरची बांधली. शैला त्याला हसली खरी, पण त्या दिवसापासून ती भिंतीला पाठ लावूनच काम करू लागली. रोज सकाळी ते पाणी यायचं.

शेवटी तिने त्या रांगेतल्या सगळ्यांना फोन लावले. सगळे म्हणाले, कॉक बंद करून आलोय. राहिला पाचव्या मजल्यावरचा हितेंद्र. निघताना तो आईला, मीराबाईंना, गावी नेतोय असं सगळ्यांना सांगून गेला होता. शैलाची आई कामाला जायची तेव्हा चाळीत याच मीराबाईंच्या उंबऱ्यावर बसून शैला जेवलेली होती. त्या घासांची माया तिच्या मनातून कधी गेली नाही.

"हितेंद्र, तुमच्या लाइनला पाणी येतंय रे. नळ चालू राहिला का?"

पलीकडे आरतीच्या झांजा वाजत होत्या. "नाय गं ताई, कॉक बंद केलाय. दुसऱ्या कोणाचं असेल. खाली आवाज येतो काय तुला?"

"येतो ना, सगळं ऐकू येतं. मीराबाईंना दे जरा फोन."

"आई झोपलीय."

आरती चालू असताना मीराबाई झोपल्या? शैलाला खटकलं, पण कामाच्या गडबडीत ते तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी पाइप कोरडा. "गेला एकदाचा," म्हणत लवूने हात जोडले. शैलालाही हायसं वाटलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही पाइप कोरडाच होता. ती गूळ कालवत होती आणि बादलीतला तिचा हात एकाएकी थांबला. गळका नळ फोन केल्याने बंद होत नाही. भूतही होत नाही. सांगितलं की ऐकतं ते माणूस.

पाचव्या मजल्यावर दाराला बाहेरून भलंमोठं कुलूप होतं. शैलाने दाराला कान लावला.

"मीराबाई?"

मग अगदी खालून, जमिनीलगत, दारावर काहीतरी घासल्याचा आवाज झाला. शैला खाली बसून दाराच्या फटीशी वाकली.

"मीराबाई, मी शैला. आपल्या चाळीतली."

"शैला?" आवाज सुकून चिरकला होता. "हितूक सांग गो बाय. त्याचो फोन इल्यापासून मी नळाक हात लावूक नाय. पिवकसुद्धा नाय."

"लवू!" शैला जिन्याकडे तोंड करून ओरडली. "पहार आण, पहार! लवकर!"

दाराआडून घाईघाईने कुजबुज आली.

"हळू बोल गो. खाली कोणतरी बसान सगळां ऐकता, म्हणता हितू."