बिसरामने बुजवलेले दोन झरोके

कोहमाऱ्याच्या चौकात ताडपत्री फाटलेला ड्रायव्हर आधी चहा मागतो आणि मग बिसरामचं दुकान विचारतो. बिसराम पस्तीस वर्षं ट्रकांच्या ताडपत्र्या शिवतो आहे. दुकान म्हणजे चार पत्रे आणि एक जड शिलाई मशीन, पण त्याचा तोरा मात्र कापड गिरणीच्या मालकाचा. शिवून झालेली ताडपत्री तो भर दुपारी बांबूंवर ताणतो आणि स्वतः खाली उताणा पडतो. सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला की तिथे खडूची खूण, पुन्हा टाका, पुन्हा उताणा. उजेड शिरला तिथून पाणी शिरणार, हा त्याचा कायदा. म्हाताऱ्याला दुपारी झोपायला बरा बहाणा सापडला, असं ढाब्यावरचे लोक म्हणतात. म्हणू देत. त्याच्या ताडपत्रीखालचा धान भर पावसात कोरडा पोहोचलेला आहे, आणि हे तो समोरच्याला तीनदा तरी सांगतो.

त्याची एकुलती एक मुलगी चेतना सडक अर्जुनीच्या एका शाळेत खेळ शिकवते. आमच्या या सपाट धानाच्या मुलखात जन्मलेल्या पोरीला डोंगर चढायचं वेड कुठून लागलं, देव जाणे. दोन शिबिरं झाली, आणि यंदा जानेवारीत सहा जणींच्या गटाबरोबर ती हिमाचलात एका बर्फाच्या शिखरावर निघाली. आई गोमती तीन दिवस बोलत राहिली: लग्नाचं वय, थंडी, लोक काय म्हणतील. बिसराम एवढंच म्हणाला की जाते तर जाऊ दे. तो तसाच आहे. ताडपत्रीवर तासभर बोलेल, पोटातलं मात्र सांगणार नाही.

जायच्या आठवडाभर आधी चेतनाने त्याच्यापुढे एक गुंडाळी ठेवली. गिर्यारोहणाचा तंबू, कुणीतरी वापरून दिलेला, उन्हापावसात आणि बर्फातही चालणारा. तळाला वीतभर फाटला होता, तेवढंच शिवायचं होतं. बिसरामने तो एका हाताने उचलला आणि त्याला हसू आलं. जेमतेम दोन किलो! त्याची ताडपत्री उचलायला दोन गडी लागतात, आणि हा पदरासारखा पातळ, दोन पदरी, बोटाएवढ्या नळ्यांवर उभा राहणारा. याच्यात आपली पोर बर्फात झोपणार हे मनात आलं आणि हसू तिथल्या तिथे विरलं.

तळ त्याने बारीक सुईने असा शिवला की टाका शोधून दाखवावा. मग सवयीप्रमाणे दुपारी तंबू ताणला आणि आत उताणा पडला. तळ पक्का होता. पण वर, शेंड्याजवळ, दोन्ही बाजूंना उजेड. उठून पाहतो तर कापडाच्या छोट्या झापीखाली जाळी लावलेले दोन झरोके! कंपनीवाल्याने कापड वाचवलं असणार, असं त्याला वाटलं. इथून बर्फ आत येईल, वारा येईल, पोर कुडकुडेल. त्याने एका जुन्या पिशवीच्या कापडातून दोन तुकडे कापले आणि झरोके असे बुजवले की मुंगी जाणार नाही. कुणाला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात?

निघायच्या दोन दिवस आधी चेतना अंगणात तंबू ठोकून त्यात झोपली. बाबांनी शिवलेलं तपासायची तिला गरज वाटली नव्हती. सकाळी ती बाहेर आली ती ओलं अंथरूण हातात घेऊन. तंबूच्या आतून पाणी ओघळत होतं.

बिसरामच्या तोंडचा चहा राहिला. त्याच्या हातच्या शिवणीतून पाणी? अन् रात्रभर तर आभाळ स्वच्छ! तळ चाचपला, शिवण ओढून पाहिली, उन्हाला धरली, उजेडाचा ठिपका नाही. दंव असेल म्हणाला. चेतनाने छताला हात लावला, बुजवलेल्या जागेवरून बोट फिरवलं, आणि तिचा चेहरा उतरला.

तेवढ्यात गोमतीने चुलीपाशी बसल्या बसल्याच सांगून टाकलं. "तुमीच त डायवरायले सांगता, ओला धान भरला त आतूनच घामेजते, माजी ताडपत्री काय करन. मानसाच्या श्वासाचा नाई का होत तसा?"

बिसरामने हातातली शिवण खाली सोडली. हे त्याला ठाऊक होतं. शंभर ड्रायव्हरांना त्याने हे सुनावलं होतं, आणि पोरीच्या बाबतीत त्याला एकदाही आठवलं नाही.

"ओला झाला त वाळवता येते, बाबा," चेतना हळू आवाजात म्हणाली. "पन तिथी वरती तंबूतच स्टोव पेटवा लागते, बर्फाचं पानी करायले. हवा जायले जागा नसली त मानूस झोपेतच जाते."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. बिसरामने ब्लेड घेतलं आणि आपलेच टाके एकेक करून उसवायला बसला. दुपारपर्यंत झरोके मोकळे झाले. पण प्रत्येक टाक्याने त्या पातळ कापडाला भोक पाडलं होतं, दोन्ही बाजूंचं मिळून साठ-सत्तर तरी. सुई आता कामाची नव्हती. त्याने हार्डवेअरच्या दुकानातून काचेला लावतात ते सिलिकॉन आणलं, टर्पेंटाइनमध्ये पातळ केलं आणि काडीच्या टोकाने एकेक भोक आतून-बाहेरून भरलं. वाळल्यावर गोमतीकडून कळशीभर पाणी ओतून घेतलं आणि स्वतः आत उताणा पडून राहिला. एक थेंब आला नाही. त्या रात्री तंबूत तोच झोपला, आणि सकाळी गोमतीने आधी आतून हात फिरवून पाहिला. कोरडा होता.

संध्याकाळची रेल्वे गोंदियाहून होती, म्हणून दुपारीच तो चेतनाला चौकात बसवर पोहोचवायला आला. तंबू त्याने स्वतः खांद्यावर घेतला होता. दोन किलोच, पण देईना. बस लांबून दिसली तसा तो बोलला.

"झरोके मी बंद केलो. कंपनीची चूक मनून नाई. मले भेव लागून राहिला, बाई. पयल्या दिवसापासून."

चेतनाने तंबू त्याच्या खांद्यावरून काढून घेतला.

"मलेई लागते, बाबा. हा तंबू नागपुरातई शिवून भेटत होता. भेव लागत होता मनूनच त मी तुमच्याजवर आनली."