फ्रिजमधलं हॉथॉर्न

निशिकांत आगटे बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांनी बायकोच्या फ्रिजचा खालचा कप्पा बळकावला. परदेशातल्या, क्लेमेंटी भागातल्या त्या फ्लॅटमध्ये फ्रिज एकच, तोही बेताचा. त्यात हॉथॉर्नच्या, म्हणजे थंड देशातल्या एका काटेरी झाडाच्या, बिया ठेवलेल्या, आणि नीता ह्या प्रकाराने मेटाकुटीला आलेली.

हे खूळ शिरलं चिनी नववर्षाच्या सुमारास. बाजारात एका फळवाल्या आंटीकडे लालचुटुक, बोराएवढी फळं दिसली आणि निशिकांत थबकले. गार्गीच्या दारातल्या काटेरी कुंपणाला असलीच फळं होती. गार्गी त्यांची एकुलती एक मुलगी. शिकायला स्कॉटलंडला गेली, तिथेच नोकरी धरली आणि आईबापांना न विचारता घर घेतलं. ते बघायला दोघं गेली तेव्हा त्या कुंपणाशी उभं राहून बापलेकीचं असं वाजलं की त्यानंतर निशिकांतांनी लेकीला एकदाही फोन केला नाही. तिच्या घराला ते घरसुद्धा म्हणत नसत. ‘तिची ती जागा’ म्हणत. स्वतः तरुणपणी पुणं सोडून इथे आलेला, इथला नागरिक झालेला माणूस मुलीवर ह्याच गोष्टीसाठी रुसतो, हे नीताच्या डोक्यात जायचं. रुसायचं तर खुशाल रुसा, पण तिच्या कुंपणाचं झाड माझ्या फ्रिजमध्ये कशाला?

“अहो, इथे बारा महिने उकडतं. हे उगवणार कसं?”

“म्हणून तर फ्रिज. बियांना हिवाळा आलाय असं वाटलं पाहिजे.”

“गार्गीला विचारा की.”

“मला कळतं.”

बाजारातल्या त्या फळांच्या बिया ओल्या मातीत घालून त्यांनी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या. आता आपल्या घरात आइस्क्रीमचा डबा कधी फेकला जातो का? तसल्याच दुसऱ्या डब्यात नणंदेने पुण्याहून पाठवलेला गोडा मसाला होता. गणपतीत वीस माणसांच्या मोदकांसाठी नीताने फ्रिज रिकामा केला आणि सगळे डबे वॉशिंग मशीनवरच्या फळीवर चढवले. विसर्जनानंतर त्यातला एक डबा खालच्या कप्प्यात परत गेला. मसाला मात्र कुठे सापडेना. पुढे कित्येक दिवस ती दुकानचा मसाला घालून आमटी करत होती आणि चरफडत होती. निशिकांत रोज फ्रिज उघडून डब्याला नुसता हात लावून बघायचे. झाकण उघडलं की थंडी मोडते, असा त्यांचा नियम.

संक्रांतीला घोळ उघडकीला आला. फळीवरचा डबा उघडला तर आत माती. म्हणजे नवऱ्याने इतके महिने पहारा दिला तो गोड्या मसाल्यावर. नीताने गुपचूप डबे बदलले आणि गार्गीला फोनवर सांगितलं. ती आधी पोट धरून हसली.

“इट्स ओके लाह, आई,” इतकी वर्षं बाहेर राहूनही तिच्या तोंडचं इथलं ‘लाह’ सुटलं नव्हतं. “ त्यांना आधी ऊबच लागते, नंतर थंडी. नुसत्या फ्रिजमध्ये काही आलं नसतं. बाबांना सांगू नकोस, चिडतील.” मग तिने विचारलं, “पण बाबा ते का लावतायत?”

नीताला उत्तर माहीत होतं. ते सांगायचं काम तिचं नव्हतं, आणि त्याचाच तिला संताप येत होता.

मे महिन्यात न राहवून निशिकांतांनी झाकण उघडलं. दोन बियांना पांढरे कोंब फुटले होते. मग काय विचारता! शेजारच्या मिस्टर टॅनना फोटो, मराठी मंडळातल्या प्रबोधला फोटो, आणि प्रत्येकाला चिकाटीवर व्याख्यान. संध्याकाळी तेच व्याख्यान पुन्हा सुरू झालं तेव्हा नीताने आमटीचा डाव ओट्यावर आपटला.

“तुमची चिकाटी गोड्या मसाल्यावर गेली,” ती म्हणाली, आणि तिने सगळं सांगून टाकलं. “आधी ऊब लागते हे गार्गीला माहीत होतं. तुम्ही एका शब्दाने विचारलं नाहीत. जगाला फोटो पाठवलेत, तिला सोडून.”

निशिकांतांनी डब्याचं झाकण नीट लावलं. मग फोन घेऊन खिडकीशी गेले.

बोलणं चाललं ते सगळं बियांवर. कोंब कुंडीत कधी लावायचे, पाणी किती, एसीत तगतील का. आमटी निवली. इतक्या दिवसांनी मुलीशी बोलतोय हा माणूस, आणि तिची साधी खुशालीसुद्धा विचारत नाही. नीताने कपाळाला हात लावला आणि ती आमटी परत गॅसवर ठेवायला उठली.

“हो, इथे नाही जगायचं ते,” निशिकांत म्हणत होते. “बरं, तुझ्या घराचं कुंपण छाटतं कोण? एकटीला जमतं? छाटणी कोणत्या महिन्यात असते?”

नीता भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली. पलीकडून गार्गी काय म्हणाली ते तिला ऐकू आलं नाही. निशिकांतांनी चष्मा काढला आणि भिंतीकडे बोट दाखवून तिला खूण केली: ते कॅलेंडर दे.