खाऱ्या बाटलीचे व्याही

माझ्या व्याह्यांसारखा माणूस अख्ख्या वसई तालुक्यात दुसरा सापडायचा नाही, आणि सापडला तर त्याच्या घरच्यांनी मला येऊन भेटावं, मिळून रडू. पाळलेल्या माशांना लोक काय घालतात? दुकानातल्या गोळ्या घालतात, चुरा घालतात. आमच्या वाडीच्या तळ्यातले मासे शेवाळ खाऊन हाताएवढे झाले, त्यांना कोणी जेवलात का म्हणून विचारायला गेलं नव्हतं. पण व्याह्यांच्या काचेच्या टाकीतल्या पिल्लांना जिवंत खाणं लागतं, तेसुद्धा त्याच दिवशी जन्मलेलं. म्हणून हा माणूस फुलपाड्याला तिसऱ्या मजल्यावर, माझ्या लेकीच्या गॅलरीत, मिठाच्या पाण्यात किडे उबवतो. कोळंबीच्या जातीचे आहेत म्हणे. मी जन्मभर कोळंबी सोलली. डोळ्याला धड दिसत नाही ती कसली कोळंबी?

माझा संताप किड्यांवर नाही, पाण्यावर आहे. नंदाखालला आमची केळीची वाडी होती. मालक गेले तेव्हा लेक कडेवर होती. डोक्यावर राजेळीचा घड, कमरेवर पोर, अशी मी बाजाराला जायची. पंप बिघडला की बावीचं पाणी घागरीने काढून केळी शिंपायची. तेही चाललं. मग बावीचं पाणी आधी मचूळ झालं, मग खारं झालं. केळीची पानं कडेने करपली, आणि बघता बघता वाडी बसली. मी रडले नाही. रडून पाणी गोड होत असतं तर गावातल्या सगळ्या बाया बावीच्या काठावर बसल्या असत्या. पण जिची वाडी खाऱ्या पाण्याने खाल्ली, तिच्या डोळ्यांदेखत हा माणूस टँकरचं गोडं पाणी बाटलीत ओततो आणि त्यात खडे मीठ टाकतो. वर बोट बुडवून चाखतो आणि म्हणतो, "अजून थोडं हवं."

बोलायची सोय नाही. व्याही माणूस! लेकीच्या सासऱ्याला कोण सुनावणार? मी अंगणात पडले, खुबा मोडला, लेकीने गाडीत घालून इथे आणलं. पाय जुळून आला, काठी सुटली, तरी मी इथेच. आमच्यात आई लेकीकडे चार दिवस राहते, पाचव्या दिवशी चपला शोधते. लेक म्हणते राहा, जावई म्हणतात राहा. पण विहीणबाई वारल्यापासून घरात मोठं माणूस व्याही, घर त्यांचं. त्यांच्या तोंडून शब्द यायला हवा की नको? तो काही येईना. एका खोलीत बसून आमचं बोलणं लेकीमार्फत चालायचं. ते म्हणायचे, सूनबाई, तुझ्या आईला विचार चहा घेणार का. मी म्हणायची, अगं, त्यांना सांग घेतला. राहण्याचं मात्र ना त्यांनी विचारलं, ना मी.

व्याही आधी कारखान्यात फोरमन होते, म्हणून घरातही पाळ्या लावलेल्या. लेकीने कणीक मळायच्या आधी बाटलीवरचा दिवा बघायचा. जावयांनी मीठ आणायचं. एकदा ते पुडीतलं दळलेलं घेऊन आले, तर दारातूनच परत पाठवले, ऑफिसचा डबासुद्धा खाली ठेवू दिला नाही. तान्ह्या पोरासारखी काळजी घ्यायची त्या बाटलीची. बाटली बूड कापून उलटी टांगायची, तळाशी पंपाची नळी सोडायची, की दिवसभर पाणी खदखदत राहतं, चुलीवाचून आधण. दुसऱ्या दिवशी पंप थांबवला की अंड्यांची टरफलं वर येतात आणि पिल्लं दिव्याच्या उजेडाकडे गोळा होतात, केशर कालवल्यासारखी. मग ती फडक्यातून गाळायची, गोड्या पाण्याने धुवायची आणि थेंबाथेंबाने माशांना वाढायची. फडकंसुद्धा बाजारचं चालत नाही. माझं वाडीत वापरून विरलेलं लुगडं दोरीवर दिसलं, तर लेकीला म्हणाले, असं कापड आता मिळत नाही, विचारून बघ. मी दिलं. मनात म्हटलं, आता नेसत्या लुगड्यावर डोळा नको म्हणजे झालं. एवढ्या सगळ्या घरात पाळी नव्हती ती फक्त मला. ताट उचलायला गेले तरी लेक ओढून घ्यायची, म्हणायची, आई तू बस, बाबा काय म्हणतील. ज्या बाईने उभ्या जन्मात दुपारी पाठ टेकली नाही, ती सोफ्यावर बाहुलीसारखी बसून.

त्यातच मशेरीचं झालं. त्या किड्यांची अंडी म्हणजे बारीक तपकिरी भुकटी. मोठा डबा फ्रिजात, आणि दिवसापुरती भुकटी व्याह्यांनी एका झाकणात काढून बेसिनच्या कडेला ठेवलेली. मला वाटलं लेकीने माझी मशेरी काढून ठेवली. चिमूट घेतली, दातांवर घासली. करकर लागली. मशेरी करकरत नाही. तेवढ्यात व्याही दारात. तोवर लेकीला मध्ये घातल्याशिवाय एक शब्द माझ्याशी बोलले नव्हते, पहिल्यांदा थेट बोलले ते हे. म्हणाले, "विहीणबाई, थुंकू नका. या ग्लासात चूळ भरा." दुसरी कोणी असती तर ग्लास फेकून मारला असता. मी पदराआड तोंड करून चूळ भरली. त्यांनी ग्लास उजेडाला धरून पाहिला, मान हलवली आणि माझ्यासमोर लेकीला म्हणाले, त्यांना सांग, काही वाचली आहेत.

आठवड्याने आगाशीहून माझा भाऊ आला. चेहरा बघूनच कळलं कशासाठी आलाय ते. गावात लोक विचारत होते, जावयाच्या दारात किती दिवस पडून राहणार? मला घेऊन जायचं ठरवूनच तो आला होता. भावजयीच्या हाताखाली माझे दिवस कसे जातील ते मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. पण व्याही हो-नाही बोलत नव्हते, मग कशाच्या जोरावर थांबायचं? मी पिशवी भरून ठेवली. भावाने चहा संपवला, घसा साफ केला, आणि लाइट गेली. पंप बंद. व्याही धडपडत उठले, पंपातून नळी काढली आणि तिचं टोक भावाच्या हातात दिलं. "भाऊसाहेब, फुंका. हळू. दम धरून." भाऊ पाहुणा माणूस, फुंकायला लागला. नळी काढून म्हणाला, मी काय म्हणत होतो, आक्काला आता... व्याही म्हणाले, "थांबू नका, तळाला बसली की मरतात." पुन्हा फुंकणं. पुन्हा आक्काला आता, पुन्हा नळी तोंडात. माझा भाऊ भर पंचायतीत कोणाचं ऐकायचा नाही, तो गाल फुगवून लालबुंद. लाइट आली तेव्हा त्याच्यात बोलायची ताकद उरली नव्हती. बसची वेळ झाली म्हणाला. दारात चपला घालताना एवढंच विचारलं, "जगली ना सगळी?"

तो गेल्यावर व्याही नळी पुसत बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "विहीणबाई, उद्यापासून सकाळची पाळी तुमची. चहाच्या आधी."

माझा तोल गेला. लेकीला मध्ये न घालता मीही तोंडावर बोलले. "मी या घरात पाहुणी आहे. ही कामं मला सांगता?"

"पाहुण्यांना मी पाळी लावत नाही," ते म्हणाले. "कारखान्यात असतानासुद्धा कधी लावली नाही."

मी आत गेले. भरलेली पिशवी खाटेवर होती. ती उघडली. मग लुगडी एकेक करून पुन्हा कपाटात लावली. लेक दारात उभी होती, तिने या खेपेला मला बस म्हटलं नाही.

तेव्हापासून सकाळी बाटलीपाशी मी आणि माझ्या पाठीशी स्टुलावर ते. मी नीट धुतलं नाही, मी घाईने ओतलं, माझा हात जड आहे, हे त्यांचं चालूच. एवढा जड हात होता तर दिलीत कशाला पाळी? असं मी तोंडावर म्हणते आता. त्यांना ऐकू कमी येतं, की येऊन येत नाही, देव जाणे. हल्ली नजरही गेली. पिल्लं त्यांना दिसत नाहीत.

"निघाली का?" विचारतात.

"निघाली."

"नाचतात?"

"नाचतात. तुम्ही चहा प्या आधी."

मग ते पाण्याचा आवाज ऐकत बसतात. असा माणूस शत्रूच्याही घरी नको, हे मी आजही कोणालाही सांगेन. पण एखाद्या सकाळी त्यांच्या खोलीतून खोकल्याचा आवाज येत नाही, स्टूल रिकामं दिसतं, तेव्हा माझा हात तसाच थांबतो, आणि ते भिंत चाचपत बाहेर येईपर्यंत मला पुढचं काही सुचत नाही.