पूजेला बसवलेला गेटवे

कन्हेरीच्या माझ्या वहिनीची गाय इंदापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात आडवी पडली होती. चाऱ्याबरोबर तार गिळलेली. आदल्या दिवशी बारामतीत एक्स-रे काढला होता, पण तिथले डॉक्टर सणाला गावी गेले, म्हणून आम्ही तिला पिकअपमध्ये घालून इकडे आणलं. इथले डॉक्टर आपल्या सुऱ्या-कात्र्यांवरचं हळदकुंकू धूत होते.

"आधी फोटो दाखवा," ते म्हणाले. "तार काळजात घुसली असेल तर मी कापणार नाही. उगाच हाल कशाला?"

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. फोटो सांभाळायची सगळी व्यवस्था माझीच होती.

दूध संस्थेच्या सगळ्या दवाखान्यांतले एक्स-रेचे फोटो साठवायला मी बारामतीत डिस्कांनी भरलेली यंत्रं बसवली होती. प्रत्येक फोटोच्या तीन प्रती, तीन वेगळ्या यंत्रांवर. त्या फोटोंपर्यंत पोचायचं दार म्हणजे गेटवे सर्व्हर. एक दार पुरे, असं कार्यालयातल्या मंडळींचं म्हणणं. मी भांडून दोन घेतले. एक बारामतीत, एक इंदापुरात. केबल वेगळ्या रस्त्यानं. जेसीबीनं एक तोडली तरी दुसरी शाबूत.

मोबाइलवर फोटो मागितला. नुसतं चक्र फिरत राहिलं. दोन्ही गेटवे बंद होते. दोन्ही एकदम बंद पडणार नाहीत, या एका भरवशावर मी सगळा आराखडा रचला होता.

संस्थेचं केंद्र दवाखान्याला लागूनच. तिथली देखभाल बघणारे तात्या दारातच बसले होते. मी आत गेले तर गेटवेच्या गळ्यात झेंडूची माळ, कपाळी कुंकू, पुढ्यात नारळ, आणि यंत्रावरचा एकही दिवा लागलेला नाही. आज खंडेनवमी, हे तेव्हा कुठं डोक्यात शिरलं.

"तात्या, बंद कुणी केला?"

"म्याच. पूजेला बसवलाय. बारामतीवाल्यांनीबी बसवलाय, सकाळीच फोन झाला आमचा. त्यांनी कुलूप लावून सुट्टी केली. डिस्कांच्या खोलीला तुमचं कुलूप हाय म्हणून, न्हायतर त्याबी बसवल्या असत्या."

"चालू करा. वहिनीची गाय मरायला टेकलीय. तिचा फोटो यातूनच निघायचा."

तात्या उठून उभे राहिले. "पुजलेलं हत्यार आज उचलत न्हाईत, ताई. उद्या दसऱ्याला उचला."

मला संताप आला. बटण हातभर अंतरावर होतं. मी पुढं झाले तसे तात्या मध्ये आले. वडीलधाऱ्या माणसाला ढकलायचं कसं?

"डॉक्टरांच्या सुऱ्यापण सकाळी पुजल्या होत्या," मी म्हणाले. "त्यांनी उचलल्या. धुऊन हातात घेऊन उभे आहेत. फक्त तुमच्यासाठी थांबलेत."

तात्या यंत्राकडे वळले. मग त्यांनी माळ काढून नारळावर ठेवली, हात जोडले, "माफी असावी" असं यंत्राला म्हणाले आणि बटण दाबलं.

यंत्र जागं व्हायला वेळ खाऊ लागलं. भरपूर रॅम हवी म्हणून मीच अडून बसले होते. आता ती तपासत ते रेंगाळत होतं. माझ्या हट्टाचा मला असा राग कधी आला नव्हता.

फोटो आला. तार वाकून काळजाच्या अलीकडे अडकली होती. डॉक्टरांनी लगेच सुरी घेतली. वहिनी गाईचं तोंड मांडीवर धरून बसली होती. मांडव बांधायच्या तारेचा गंजका तुकडा डॉक्टरांनी बाहेर काढला, तेव्हा तिला रडू आवरेना.

मी आराखडा बदलला. बंद पडायच्या कारणांच्या यादीत वीज, केबल, डिस्क यांच्या खाली आता पूजाही आहे. बारामतीचा गेटवे दसऱ्याला पुजायचा, इंदापूरचा खंडेनवमीला.

दर खंडेनवमीला सकाळीच तात्यांचा फोन येतो.

"बारामतीचा चालू हाय न्हवं?"

"चालू आहे, तात्या."

"आन् गाय?"

"दूध देतेय."

"मग बसवतो," म्हणतात, आणि फोन ठेवतात.